"हे सूत एका लॉटचं नाही" : दृष्टिभ्रमावरच्या प्रदर्शनात फलकाने काय सांगावे आणि केव्हा सांगावे?

रेखाटन (सोलापूर) :

नमस्कार. सोलापूरच्या पूर्व भागातील एक यंत्रमागाचा कारखाना गेली काही वर्षे बंद आहे. मालकांनी ती जागा आम्हाला, म्हणजे काही कलाशिक्षक आणि काही तरुण चित्रकार अशा आठ-नऊ जणांना, महिनाभरासाठी विनामोबदला दिली आहे आणि तेथे आम्ही समकालीन कलेचे एक प्रदर्शन मांडत आहोत. आपण जे पाहतो त्याचा अर्थ कसा लावतो आणि तो लावताना कोठे चुकतो, हा प्रदर्शनाचा विषय आहे. फलक लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आहे. गेल्या रविवारच्या एका प्रसंगापासून ते पुढे सरकत नाही, म्हणून येथे विचारते आहे.

मांडणी अर्धी झाली होती, तेव्हा आम्ही आजूबाजूच्या घरांतील लोकांना सहज पाहायला बोलावले. एका सहकाऱ्याने जकार्डच्या मागावर मुद्दाम विणून घेतलेली एक चादर मध्यभागी टांगलेली आहे. तिच्या डाव्या अर्ध्या भागात पांढऱ्या जमिनीवर राखाडी चौकडे आहेत आणि उजव्या अर्ध्या भागात काळ्या जमिनीवर तसेच राखाडी चौकडे आहेत. दोन्हीकडचा राखाडी रंग एकाच कोनातल्या (सूत गुंडाळलेल्या शंकूतल्या) सुताचा आहे, पण डावीकडचा चौकडा गडद दिसतो आणि उजवीकडचा फिका. हा फरक इतका ठसठशीत आहे की विणून घेणाऱ्या सहकाऱ्यालाही दर वेळी पाहताना शंका येते.

शेजारचे एक काका आले होते. वय सत्तरीच्या पुढे, चाळीस वर्षे मागावर गेलेली, त्यातली शेवटची काही जॉबर, म्हणजे मागांवर देखरेख करणारा, म्हणून. बाकीची माणसे दोन मिनिटांत पुढे गेली, काका मात्र चादरीसमोर बराच वेळ थांबले आणि मग मला म्हणाले, "ताई, हे सूत एका लॉटचं नाही. मधे कोन बदलला, तेव्हा कुणाचं लक्ष नव्हतं." लॉट म्हणजे एकाच वेळी रंगवलेल्या सुताची खेप. त्यावर आमच्यातला एक तरुण मुलगा हसून म्हणाला, "काका, फसलात! दोन्ही एकच आहे." काका काही बोलले नाहीत. ते चादरीच्या पाठीमागे गेले. तेथे सुताची काही टोके मोकळी लोंबत होती, त्यांतले डावीकडचे एक आणि उजवीकडचे एक अशी दोन टोके त्यांनी अलगद ओढली, तर्जनीवर शेजारी शेजारी दोन-दोन वेढे दिले आणि ते बोट घेऊन दारापाशी उन्हात गेले. बोट एकदा इकडे, एकदा तिकडे वळवून पाहिले. "एकच आहे," ते म्हणाले. "मग मला तसं का दिसलं?"

आमच्यापैकी कोणालाही धड उत्तर देता आले नाही. भिंतीवर माझ्याच अक्षरातला कच्चा फलक लावलेला होता, त्यावर एकच वाक्य होते : "आपले डोळे आपल्याला फसवतात." काकांनी ते वाचले आणि बाकीचे प्रदर्शन न पाहता ते घरी गेले.

त्या क्षणापासून ते वाक्य मला खोटे वाटू लागले आहे. ज्या माणसाने सगळ्यांत जास्त वेळ आणि सगळ्यांत जास्त समजून पाहिले, त्यालाच आम्ही चुकलेला ठरवले. माझा प्रश्न दुहेरी आहे. अशा प्रदर्शनात कलाकृतीतली गोष्ट फलकाने आधी सांगावी, नंतर सांगावी की सांगूच नये? आणि पाहणाऱ्याच्या हातून असे चुकीचे वाचन झाले, तर त्याला नाव तरी काय द्यावे? चूक हा शब्द मला आता लिहवत नाही.

रंगखाते (इचलकरंजी, मूळचा सोलापूर) :

तुमचा प्रसंग वाचून राहवले नाही. मी बावीस वर्षे सूत रंगवण्याच्या व्यवसायात आहे आणि तुमच्या काकांनी केलेली तक्रार मी व्यापाऱ्यांकडून अगदी त्याच शब्दांत कित्येकदा ऐकलेली आहे. अशा वेळी निम्म्या प्रकरणांत लॉट खरोखरच बदललेला असतो आणि उरलेल्या प्रकरणांत रंगात काहीही दोष नसतो. काकांनी दोन टोके काढून ती शेजारी शेजारी धरली आणि उजेडात नेली, ही आमच्या धंद्यातली पहिली आणि सर्वांत भरवशाची तपासणी आहे. त्यांना चुकलात म्हणणाऱ्या मुलाने ती तपासणी केली नव्हती. त्याला उत्तर आधीच कोणीतरी सांगितलेले होते, एवढाच दोघांतला फरक.

हीच तक्रार एकदा पॅरिसमध्ये झाली होती आणि तिच्यातून रंगशास्त्रातला एक मोठा नियम निघाला, हे काकांना जरूर सांगा. मिशेल शेव्हरल हे रसायनशास्त्रज्ञ १८२४ मध्ये तेथील गोबेलँ या राजेशाही विणकामशाळेच्या रंगखात्याचे प्रमुख झाले. भिंतीवर टांगायचे चित्रमय पडदे तेथे विणले जात. निळ्या आणि जांभळ्या वस्त्रांच्या सावल्या विणण्यासाठी वापरलेला काळा रंग फिका पडतो, त्यात जोर नाही, असे विणकरांचे म्हणणे होते. शेव्हरल यांनी दुसरीकडची काळी लोकर मागवून आपल्या लोकरीशी ताडून पाहिली, तेव्हा रंगात दोष नसल्याचे दिसून आले. काळ्याचा जोर त्याच्या शेजारचा निळा आणि जांभळा रंग घालवत होता. पुढे अनेक वर्षे प्रयोग करून त्यांनी १८३९ मध्ये आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. शेजारी ठेवलेले दोन रंग आपल्या नजरेत एकमेकांपासून दूर सरकतात, म्हणजे फिक्याजवळचा गडद अधिक गडद आणि गडदाजवळचा फिका अधिक फिका दिसतो, हा त्यातला मुख्य सिद्धान्त. तुमची चादर म्हणजे या सिद्धान्ताचे विणलेले रूप आहे. पण सिद्धान्ताची सुरुवात विणकरांच्या तक्रारीतून झाली होती आणि ती तक्रार कोणी हसण्यावारी नेली नाही, ही गोष्ट तुमच्या फलकाच्या दृष्टीने मला फार महत्त्वाची वाटते.

येथे एक बारकावाही सांगायला हवा, कारण तुमच्या सहकाऱ्याला पुढच्या कामात त्याचा उपयोग होईल. चौकडा मोठा असला तर रंग एकमेकांपासून दूर जातात, पण तेच सूत बारीक रेघांमध्ये, एकाआड एक धाग्यांत विणले तर उलटे घडते आणि राखाडी रंग शेजाऱ्याकडे ओढला जातो. पांढऱ्या रेघांतला राखाडी उजळ भासतो आणि काळ्या रेघांतला काळपट. विल्हेल्म फॉन बेझोल्ड यांना गालिच्यांच्या नक्षीचे रंग बदलून पाहताना हे ध्यानात आले. नक्षीतला एकच रंग बदलला की सगळ्या गालिच्याचा नूर पालटतो. सोलापूरच्या चादरीचे नमुने काढणाऱ्या जुन्या कारागिरांना हे नाव माहीत नसेल, पण चौकडा लहान केला की रंग एक पायरी वर घ्यावा लागतो, हे त्यांच्या हाताला माहीत असे. माझे वडील असे नमुने काढत, म्हणून हे खात्रीने सांगू शकतो.

आता दाराचे. काका बोट घेऊन दारात का गेले, हेही तुमच्या प्रेक्षकांना कळले पाहिजे. दोन वेगवेगळ्या रंगद्रव्यांनी रंगवलेले धागे ट्यूबलाइटखाली तंतोतंत एक दिसतात आणि उन्हात वेगळे पडतात, असे आमच्याकडे नेहमी होते, कारण प्रत्येक दिव्याच्या उजेडात निरनिराळ्या रंगांचे प्रमाण निराळे असते. म्हणून मोठ्या रंगखात्यांत रंग जुळवायला ठरावीक उजेडाची पेटी असते आणि लहान कारखान्यात दार असते. २०१५ मध्ये एका झग्याचे छायाचित्र जगभर फिरले, तेव्हा कोणाला तो निळा-काळा दिसला आणि कोणाला पांढरा-सोनेरी. झगा मुळात निळा-काळा होता. छायाचित्रातला उजेड कसला आहे याचा अंदाज प्रत्येकाचा मेंदू आपापल्या परीने बांधत होता आणि तो अंदाज वजा करून रंग ठरवत होता. काकांना हा अंदाज बांधायचाच नव्हता, म्हणून ते उन्हात गेले.

फलकाविषयी माझे मत सरळ आहे. चादरीजवळ काहीही लिहू नका. जाड काळ्या पुठ्ठ्याची एक पट्टी दोरीने टांगून ठेवा आणि दोन्ही राखाडी चौकड्यांवर एकाच वेळी बसतील अशा अंतरावर तिला दोन खिडक्या कापा. ज्याला शंका येईल तो ती पट्टी उचलून चादरीवर धरेल. आजूबाजूची जमीन झाकली गेली की दोन्ही चौकडे एक होतील आणि पट्टी काढली की पुन्हा वेगळे होतील. ज्याचे त्याने तपासले म्हणजे झाले.

माळरान (सोलापूर) :

पट्टीची कल्पना उत्तम आहे, पण ती सगळ्याच कलाकृतींना लागू पडेल असे मला वाटत नाही. चुकीचे वाचन दोन अगदी वेगळ्या प्रकारचे असते आणि रेखाटन ताईंची अडचण बहुधा हे दोन प्रकार एकाच फलकाने हाताळण्यामुळे झाली आहे.

पहिला प्रकार तुमच्या चादरीचा. खरे काय ते कळल्यावरही दिसणे बदलत नाही. एडवर्ड एडल्सन यांची १९९५ ची बुद्धिबळाच्या पटाची आकृती प्रसिद्ध आहे. पटावर एका नळकांड्याची सावली पडलेली असते. सावलीतले पांढरे घर आणि उजेडातले काळे घर कागदावर अगदी एकाच छटेचे असूनही कोणालाही ते एक दिसत नाहीत, आणि छटा मोजून दाखवली तरी दिसत नाहीत. कारण सावलीतली वस्तू मूळची अधिक उजळ असणार, हा हिशेब मेंदू आपल्याला न विचारता करतो. रोजच्या जगण्यात तो हिशेब बरोबरच असतो. तो नसता तर ढग आल्यावर आपल्याला आपला सदरा ओळखू आला नसता.

दुसऱ्या प्रकारात एकदा कळले की परत फिरता येत नाही. त्याचा अनुभव मी नान्नजच्या माळरानावर घेतला. पक्षी पाहायला गेलो होतो. सोबतच्या वाटाड्याने हात दाखवून सांगितले की चार पावलांवर रातवा बसला आहे. मला वाळलेले गवत, खडे, एक-दोन सुकी पाने याशिवाय काही दिसेना. त्याने पुन्हा खूण केली, तरी दिसेना. पाच-सात मिनिटे मी त्या एवढ्याशा जमिनीकडे पाहत होतो. मग एका सुक्या पानाला अर्धवट मिटलेला डोळा असल्याचे ध्यानात आले आणि त्याच क्षणी चोच, पंख, शेपटी सगळे जागेवर बसले. त्यानंतर मी कितीही प्रयत्न केला तरी ती जागा मला पुन्हा रिकामी दिसेना. गवत पाहण्याची माझी पहिली नजर कायमची गेली होती. वाटाड्याने आल्या आल्या बोट नेमके टेकवून पक्षी दाखवला असता, तर ती पाच-सात मिनिटे मला मिळालीच नसती, आणि खरे सांगायचे तर त्या सकाळीतले मला तेवढेच लख्ख आठवते.

अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात एका खांबाच्या शीर्षावर चार हरणे कोरलेली आहेत आणि त्या चौघांना मिळून डोके एकच आहे. तुम्ही ज्या हरणाकडे पाहाल त्याचे ते डोके होते. मार्गदर्शक मंडळी तेथे पोहोचण्याआधीच "एक डोके, चार हरणे" असे जाहीर करतात, त्यामुळे बहुतेकांना ते पाहण्याऐवजी मोजावे लागते. मी दुसऱ्यांदा गेलो तेव्हा पुतणीला काही न सांगता खांबासमोर उभे केले. तिने आधी एक बसलेले हरीण पाहिले, मग मान वळवलेले दुसरे, आणि तिसऱ्यापाशी आल्यावर ती थबकली. "काका, ह्याचं डोकं कुठंय?" असे तिने विचारले, तेव्हा मला शिल्पकाराची योजना पहिल्यांदा उलगडली.

म्हणून माझे म्हणणे असे. पहिल्या प्रकारच्या कामांजवळ तुम्ही सगळे आधीच सांगून टाकले तरी काही बिघडत नाही, उलट माहीत असूनही तसेच दिसत राहते हीच त्यातली खरी मौज आहे. दुसऱ्या प्रकारच्या कामांजवळ मात्र एक शब्दही लिहू नये, आणि शीर्षकसुद्धा जपून द्यावे, कारण "हरणे" हे शीर्षक दिले की काम संपले. तुमच्या प्रदर्शनात या दुसऱ्या जातीचे काही आहे का?

रेखाटन :

आहे. पावसाने पोपडे निघालेल्या भिंतीचे एक मोठे छायाचित्र आहे. ते पाहणाऱ्याला बराच वेळ विमानातून काढलेले नदीचे खोरे वाटते, मग एका कोपऱ्यात विजेच्या बटणाची कडा दिसते आणि खोऱ्याची भिंत होते. त्याखाली मी "भिंत" असे लिहून ठेवले होते. तो फलक आत्ताच काढला.

जमिनीवर काढलेले एक काळे वर्तुळही आहे. ते खड्डा आहे की रंग, हे सांगता येत नाही.

दृष्टीपटल (सोलापूर) :

त्या काळ्या वर्तुळाविषयी मला काळजी वाटते, म्हणून फक्त तेवढेच लिहिते. मी नेत्रतपासणीच्या शिबिरांत काम करते आणि आपल्या भागातील उतारवयाची माणसे कशी पाहतात हे रोज बघते.

मुंबईत जन्मलेले शिल्पकार अनिश कपूर यांचे १९९२ चे एक काम आहे. त्यात जमिनीत खराच खोल खड्डा असतो, पण आतून इतका काळा रंगवलेला की तो जमिनीवरचा सपाट काळा गोल वाटतो. २०१८ मध्ये पोर्तुगालमधील पोर्तो शहराच्या संग्रहालयात एक प्रेक्षक त्यात पडला. खड्डा सुमारे अडीच मीटर खोल होता आणि त्या माणसाला रुग्णालयात न्यावे लागले. तुमच्याकडे उलट आहे, म्हणजे रंग आहे आणि खड्डा वाटतो, असे मी धरून चालते. तरीही धोका तोच आहे. पायाशी अचानक खड्डा दिसला तर सत्तरीचा माणूस मागे सरकतो, तोल जातो, आणि मागाच्या कारखान्यातील फरशी बहुधा सपाट नसते. त्या कामापाशी फलक आधी, मोठ्या अक्षरात आणि दारातच हवा. पाहण्याच्या आनंदात कोणाचे खुब्याचे हाड मोडता कामा नये.

दुसरे, मोतीबिंदू वाढत जातो तसे डोळ्यातले भिंग पिवळसर, तपकिरी होत जाते आणि निळा उजेड अडवते. चित्रकार क्लोद मोने यांची जानेवारी १९२३ मध्ये मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली. त्या आधीच्या काही वर्षांतील त्यांच्या चित्रांत तांबूस, तपकिरी रंगांचा भर दिसतो. शस्त्रक्रिया झालेले आमचे रुग्ण घरच्या भिंतीचा रंग कोणी बदलला, असे विचारतात. तुमच्या प्रदर्शनाला येणाऱ्या आजी-आजोबांना निळ्या-जांभळ्या छटांतला फरक दिसला नाही, तर ते त्यांचे चुकीचे वाचन नव्हे. तेथे ज्या कामांत निळ्याच्या बारीक छटांवर सगळे अवलंबून आहे, त्यांवर चांगला पांढरा उजेड टाका.

शुक्तिका (पुणे) :

"डोळे फसवतात" या वाक्याला नेमका कोणता आक्षेप आहे, ते मी मांडून पाहतो. आपल्याकडच्या तत्त्वज्ञानाच्या दर्शनांत या प्रश्नावर शेकडो वर्षे वाद झालेला आहे आणि त्या वादातले उदाहरण कीर्तनातून घरोघर पोहोचलेले आहे. अंधारात दोरी पाहून साप वाटला. किंवा उन्हात शिंपला चकाकला आणि चांदी वाटली. आता चूक कोठे झाली?

न्यायदर्शन म्हणते की चांदी खरीच आहे, पण ती दुसरीकडे, पूर्वी पाहिलेली. ती येथे आहे असे आपण धरले. एक वस्तू दुसऱ्या रूपात भासली, ही अन्यथाख्याती. प्रभाकर मीमांसक याहून धाडसी आहेत. त्यांच्या मते भ्रम नावाचे चुकीचे ज्ञान झालेलेच नाही. "हे चकाकते आहे" हे प्रत्यक्ष ज्ञान खरे आहे आणि "चांदी" ही आठवण, तीही खरीच आहे. फक्त एक पाहिलेले आणि दुसरे आठवलेले, हा दोहोंतला भेद आपल्या ध्यानात आला नाही. याला अख्याती म्हणतात. अद्वैतवादी मात्र म्हणतात की दिसलेली ती चांदी खरीही म्हणता येत नाही आणि अगदी नाहीही म्हणता येत नाही, कारण नसलेल्या वस्तूसाठी कोणी खाली वाकत नाही.

आता हे काकांना लावून पाहा. चौकडे वेगळे दिसतात, हे त्यांचे पाहणे खरे होते. ते तर तेथे असलेल्या प्रत्येकाला तसेच दिसत होते. कोन बदलताना लॉट बदलतो, ही चाळीस वर्षांतली आठवण, तीही खरी होती. प्रभाकरांच्या हिशेबाने काकांकडे दोन्ही खऱ्याच गोष्टी होत्या आणि मधला सांधा तेवढा निसटला. उलट तुमच्या तरुण मित्राकडे आठवण नव्हतीच, म्हणून त्याच्याकडून निसटण्यासारखेही काही नव्हते. डोळ्यांनी कोणालाही फसवलेले नाही. फलकावरचे वाक्य म्हणूनच चुकीचे आहे, त्यातला सूर कठोर आहे ही नंतरची गोष्ट.

आणखी एक आठवण करून देतो. अशा प्रकारचे प्रदर्शन आपल्या साहित्यात फार पूर्वी मांडून झालेले आहे. सभापर्वातील मयसभेत दुर्योधन स्फटिकाच्या जमिनीला पाणी समजून वस्त्रे वर खोचतो, मग पाण्याला जमीन समजून त्यात पडतो, आणि मिटलेल्या स्फटिकाच्या दारावर त्याचे कपाळ आपटते. तेथवर सगळे शिल्पकाराचे कौशल्य आहे. पुढे जे घडते ते पाहणाऱ्यांच्या हसण्याने घडते. दुर्योधन घरी जाऊन बापाला जे सांगतो, त्यात पडल्याचे दुःख थोडे आहे आणि भीम हसला, अर्जुन हसला, द्रौपदी हसली याचेच दुःख फार आहे. ("आंधळ्याचा मुलगा आंधळा" हे द्रौपदीच्या तोंडचे म्हणून सर्वांना पाठ असलेले वाक्य भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीत नाही. वाचनातली चूक पिढ्यान्‌पिढ्या कशी टिकते, याचाही हा नमुनाच.) रेखाटन ताई, तुमच्या कारखान्यातही काका लॉट चुकला म्हणाले तेव्हा काही बिघडले नव्हते. तो मुलगा हसला तेव्हा बिघडले.

निःशब्द (मुंबई) :

मला वरच्या सगळ्यांपेक्षा वेगळे वाटते आणि ते स्पष्ट सांगतो. फलक अजिबात नकोत, सुरक्षिततेची सूचना तेवढी ठेवा. न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन संग्रहालयात प्रेक्षक एका कलाकृतीसमोर किती वेळ थांबतात, याचा अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. सरासरी २७ सेकंद आली, आणि मधला आकडा पाहिला तर अवघे १७ सेकंद. त्यात फलक वाचण्याचा वेळही धरलेला होता. तुम्ही चार ओळी लिहिल्या तर ते सतरा सेकंद तुमच्या ओळींनाच जातील.

आणि दृष्टिभ्रम म्हणजेच कला, असे होऊ देऊ नका. नसरीन मोहमदी यांची पेन्सिल आणि शाईच्या रेघांची चित्रे पाहा. त्यांत पाहणाऱ्याला चकवण्याचा कोठेही हेतू नाही, पण समोर उभे राहिल्यावर समांतर रेघांमधली कोरी जागा हलू लागते, एखादी तिरपी रेघ कागदातून बाहेर येते. कशामुळे, ते सांगणारा फलक त्या चित्रांना लागत नाही. तुमची चादर जर फलकाशिवाय उभी राहू शकत नसेल, तर ती अजून पुरी झालेली नाही, असे मी तुमच्या सहकाऱ्याला सांगेन.

रंगखाते :

निःशब्द, चादर फलकाशिवाय उभी राहिली आहे, हे काकांनीच सिद्ध केले. त्यांनी ती फलक न वाचता इतरांपेक्षा कितीतरी जास्त वेळ पाहिली. पण "मग मला तसं का दिसलं?" असा प्रश्न त्यांनी तोंडाने विचारला होता. विचारलेल्या प्रश्नाला उत्तर न देणे हा कलेचा आदर आहे, असे मला वाटत नाही. संग्रहालयाला सरावलेल्या माणसाला गप्प फलक आवडतो; आमच्या पूर्व भागातील माणूस गप्प फलकाचा अर्थ "हे तुमच्यासाठी नाही" असा लावतो.

निःशब्द :

हे मान्य. प्रश्न विचारणारा समोर असेल तर माणसाने माणसाला उत्तर द्यावे. भिंतीने देऊ नये, एवढेच माझे म्हणणे राहील.

रेखाटन :

सर्वांचे मनापासून आभार. चार दिवसांत काय केले ते कळवते.

काळे वर्तुळ भिंतीलगत हलवले आणि त्याच्याभोवती हाताला धरता येईल असा कठडा बसवला. दारातच मोठ्या अक्षरात सूचना लावली. दृष्टीपटल ताई, फरशीबद्दलचा तुमचा अंदाज खरा होता. माग उखडले तेथे फरशीत खोबण्या राहिल्या आहेत, त्या सिमेंटने बुजवून घेतल्या.

पोपड्यांच्या भिंतीखाली आता शीर्षकही नाही. काल माझ्या वर्गातील दहा-बारा मुली येऊन गेल्या. एकीने उजनीचे पाणी ओसरल्यावरची जमीन म्हटले, दुसरीने भाजलेली भाकरी म्हटले. बटणाची कडा एकीलाच दिसली आणि तिने ती कोणाला सांगितली नाही. ती आपल्या मैत्रिणींच्या चेहऱ्यांकडे पाहत बाजूला उभी राहिली.

चादरीजवळचे "डोळे फसवतात" काढून टाकले. पुठ्ठ्याची पट्टी केली, पण खिडक्यांतले अंतर पहिल्यांदा चुकले आणि दुसरी करावी लागली. शेव्हरल आणि गोबेलँच्या विणकरांची हकिकत मी चादरीच्या पुढच्या बाजूला न लावता पाठीमागे, जेथे सुताची टोके लोंबतात तेथे लावली आहे. जो तपासायला मागे जाईल त्याला ती वाचायला मिळेल. निःशब्द, तुमचे म्हणणेही घेतले आहे. चादरीपाशी दिवसभर आमच्यापैकी एक जण बसेल, पण कोणी विचारल्याशिवाय बोलणार नाही. त्या तरुण मित्रालाच पहिले दोन दिवस बसवले आहे. तो स्वतःहून तयार झाला.

काकांकडे मी काल संध्याकाळी गेले होते. शेव्हरल यांची गोष्ट सांगितली, तेव्हा त्यांनी मधेच थांबवून विचारले की ते निळ्याशेजारचे काळे सूत लोकरीचे होते की सुती. लोकरीचे, असे मी सांगितल्यावर म्हणाले, "मग सुतीत आणखी फिकं दिसलं असतं. सुताला लोकरीएवढा काळा चढत नाही." रविवारी सकाळी ते पुन्हा येणार आहेत आणि त्यांची एक अट आहे. चादर ट्यूबलाइटखाली न ठेवता दारासमोर टांगावी, म्हणजे ऊन थेट पडेल. आमच्या सहकाऱ्याला रंग उडण्याची भीती वाटते आहे. रंगखाते, उन्हाळ्याच्या दिवसांत सकाळी नऊ ते अकरा एवढा वेळ, महिनाभर, असे ऊन त्या सुताला सोसेल का? सूत कोणत्या रंगाने रंगवलेले आहे ते कोनावरच्या चिठ्ठीवरून पाहून उद्या येथे लिहिते.